न सापडलेल्यांचं घर

सायवन, १२ जानेवारी २०२५

लाहू,

त्या सकाळी मी अंगण सारवत होते. पाणी भरून झालं होतं, कोंबड्या सोडल्या होत्या, चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या चालल्या होत्या. अर्धं अंगण ओलं, अर्धं कोरडं, एवढ्यात तुम्ही दोघे भाऊ नदीवरून आलात आणि सरळ ओल्या शेणावरून चालत आलात. मी ओरडले. तुझ्या दादानं मागे वळून स्वतःच्या पायांचे ठसे बघितले आणि हसला. तू हसला नाहीस. मासळीची टोपली रिकामी होती आणि जाळं सोडलेलंच नव्हतं. मी दोघांना भाकरी वाढली. तो खात होता आणि बोलत होता. डोहातून कोण वर आला, कसा उभा राहिला, कसा यांच्याकडे बघत राहिला. तुझी भाकरी तशीच राहिली. ती मी नंतर कुस्करून कोंबड्यांना घातली.

म्हणून मला पहिल्यापासून ठाऊक आहे की तूही पाहिलंस. रिकाम्या पोटी नदीवरून आलेला माणूस उगाच भाकरी टाकत नाही.

फोन केला की तू म्हणतोस, "वयनी, कामावर आहे, नंतर बोलतो." पत्राला तसं म्हणता येत नाही. म्हणून लिहिते. माझं अक्षर आता सुधारलं आहे. साक्षरतेच्या वर्गात शिकले ती बाराखडी. पुढचं सगळं आपल्या निलम पोरीच्या शाळेच्या पुस्तकांतून आणि भेळेच्या कागदांतून स्वतःच शिकले. आता वाचनालयाचं पुस्तक आठवड्यात संपतं.

मागच्या आठवड्यात आमच्या बचत गटाला बोर्डीला नेलं होतं, चिकूच्या चिप्स कशा करतात ते दाखवायला. ते लवकर उरकलं. परतताना एका चिकूवाडीच्या फाटकावर पाटी दिसली. मी मोठ्यानं वाचली: "न सापडलेल्यांचं घर. पुराणातले, गोष्टींतले आणि अजून न सापडलेले प्राणी. चपला बाहेर काढा. पैसे नाहीत." गटाची अध्यक्ष कविता म्हणाली, "न सापडलेले, तर मग दाखवणार काय?" मी म्हटलं, "तेच बघू."

पूर्वी तिथे चिकू निवडून पेट्यांत भरायचे. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. त्याच पेट्या उभ्या करून फळ्या केल्या आहेत आणि त्यावर प्राणी. हर्षदाबेन नावाच्या बाई आहेत, शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या. सगळे प्राणी त्यांनी स्वतः कागदाच्या लगद्याचे केले आहेत. अजून चिकूचा वास येतो खोलीला.

पहिला होता गंडभेरुंड. दोन तोंडांचा पक्षी, पंजात हत्ती. कविता म्हणाली, "दोन तोंडं आणि पोट एक. माझ्या घरी उलटं आहे. कमावणारं तोंड एक आणि पोटं पाच." पुढे आठ पायांचा शरभ. त्याच्यापुढे बायका बराच वेळ थांबल्या, कारण त्याला चपला घ्यायच्या तर किती जोड्या लागतील यावर वाद पडला. जलपरी होती. तिला हर्षदाबेननी खरा ब्लाउज शिवला आहे, मापाचा. मी विचारलं, तर म्हणाल्या, "जुओ बेन, शाळेची मुलं येतात. आणि समुद्रात थंडी पण असते ने?"

मग हिमालयातल्या यतीच्या पावलाचा ठसा, प्लास्टरचा, सुपाएवढा. खाली पाटी: "हात लावू नये." पायाचं काही लिहिलं नव्हतं. मी माझं पाऊल आत ठेवून बघितलं. सगळ्या जणी हसल्या, हर्षदाबेनसुद्धा. मला मात्र माझं अंगण आठवलं. तुमचे ठसे मी त्याच दिवशी पुन्हा सारवून टाकले होते.

एक मासा आहे तिथे, जाडजूड, पायांसारखे पर असलेला. शिकलेल्या लोकांनी ठरवलं होतं की ही जात केव्हाच संपली, आता दगडातच दिसायची. मग आफ्रिकेकडे एका बोटीच्या जाळ्यात तो ताजा ताजा आला. हे वाचून मला एवढा आनंद झाला, की मी ते बायकांना दोनदा वाचून दाखवलं.

आणि शेवटची भिंत. वर लिहिलं आहे, "आपल्या भागातले." एक-दोनच चित्रं आहेत, बाकी भिंत मोकळी. मी हर्षदाबेनना तुझ्या दादाचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बायजीबेन, या भिंतीचा एकच नियम आहे. पाहणारे दोघे पाहिजेत. दोघांनी वेगवेगळं बसून सांगायचं, एकमेकांचं न बघता. जुळलं तर भिंतीवर. एकाचंच असेल तर ती गोष्ट. चांगली असते, पण तिची जागा पुढच्या खोलीत, गंडभेरुंडाच्या बाजूला."

लाहू, मला तुझ्या दादाला त्या भिंतीवर बघायचं आहे. एवढंच. या पत्रात तो प्राणी कसा होता ते मी मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर हर्षदाबेन म्हणतील मी तुला पढवलं.

दक्षाला आणि मुलांना आशीर्वाद. तलासरी काही विलायत नाही.

बायजी वहिनी

सायवन, २७ जानेवारी २०२५

लाहू,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं, तर म्हणाला, "मावशी, हल्ली पत्रं फक्त बँकवाले पाठवतात आणि तुम्ही."

तू तलासरीला गेल्यावर तुझ्या दादानं काय केलं हे तुला माहीत नसेल. भात झोडून झाल्यावर त्यानं शिवणीचा ओंडका आणला आणि रोज थोडा थोडा तासत तो प्राणी घडवला. जसा पाहिला तसा. कोणाला दाखवायला नाही. कणगीजवळ उभा करून ठेवला. निलम त्याच्या पाठीवर बसून भात खायची. दादा गेला त्या दिवशी तू आलास, कुंपणाजवळ उभा राहिलास आणि तिथूनच परत गेलास. घरात आला असतास तर दिसला असता. बरं झालं नाही दिसला. आता कामाला येईल.

परवा मी तो गोधडीत गुंडाळून बोर्डीला नेला. डहाणूला एसटी बदलली. कंडक्टर म्हणाला, "मांडीवर काय आहे, मावशी?"

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यानं पाहिलेला आहे."

त्यानं गोधडीचं टोक उचलून आत बघितलं. "मग अर्धं तिकीट होईल," म्हणाला आणि घेतलं मात्र एकाचंच.

हर्षदाबेननी त्याचा फोटो काढला, चारी बाजूंनी. म्हणाल्या, हेच तुमच्या मिस्टरांचं सांगणं. लाकडात सांगितलंय, एवढंच. आता दुसरा पाहिजे. तोपर्यंत त्यांनी त्याला पुढच्या खोलीत एका पेटीवर ठेवलं. खाली चिठ्ठी: "शिवणीचं लाकूड. घडवणारे चैत्या, सायवन." तुझ्या दादाचं नाव छापलेल्या अक्षरात मी यापूर्वी फक्त रेशनकार्डावर आणि दाखल्यावर पाहिलं होतं.

गावात कोणी प्राण्याचं विचारलं तर मी सांगते, तो बोर्डीला राहायला गेला.

बायजी वहिनी

सायवन, १६ फेब्रुवारी २०२५

लाहू,

मोठा घोटाळा झाला आहे. आधी हसू आलं, मग हसू येईना, आता पुन्हा येतंय.

सुकऱ्या आठवतो ना? दादाला "पाणबकऱ्या" नाव ठेवणारा तोच. रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय पाणबकऱ्या, दूध काढलंस का आज?" तो आता हायवेला चारोटी नाक्यावर भाजी विकतो. त्याच्या तोंडातून सुटलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अहमदाबादला पोचते. त्याला कविताकडून कळलं की दादाचं लाकूड बोर्डीला मांडलंय. चेष्टा करायला म्हणून तो गेला. गेला आणि दारातच थबकला.

आता त्याच्या जागी उभा राहून बघ. अंधारी खोली. भिंतीशी पेटीवर लाकडी जनावर. हर्षदाबेनची वीज गेलेली, म्हणून शेजारी त्यांनी दिवा लावलेला. आपला कोणीही माणूस काय समजेल? सुकऱ्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि हात जोडले. त्याच्या बैलाचा पाय सुजला होता, ते बोलला. दुसऱ्या फेरीला नारळ घेऊन गेला, कारण पाय उतरला होता. तिसऱ्या फेरीला शेंदूर.

हर्षदाबेन मागे शेडमध्ये होत्या. बाहेर आल्या तोवर आपला प्राणी सगळाच्या सगळा लाल. त्यांनी मला फोन केला. "बायजीबेन, मी हे पुसू का?" मी घाईनं म्हटलं, नका पुसू. शेंदूर एकदा चढला की उतरवायचा नसतो. आता आमगाव, उधवा, कुठून कुठून माणसं येतात. गंडभेरुंडाकडे कोणी बघत नाही. जलपरीला मात्र एका म्हातारीनं हळदकुंकू लावलं. हर्षदाबेन म्हणतात, इतके लोक तर उद्घाटनालाही नव्हते.

सुकऱ्या मला बाजारात भेटला. हात जोडून म्हणाला, "बायजी, तुझा नवरा मोठा माणूस. त्याला देव दिसला."

मी म्हटलं, "तेव्हा तू म्हणालास ताडी दिसली."

"तेव्हा शेंदूर नव्हता," तो म्हणाला.

गावात सगळे आता असंच बोलतात. चैत्याला देव दिसला. कोणी चेष्टा करत नाही. कविता म्हणते, आणखी काय पाहिजे तुला? मी दोन दिवस त्याचा विचार करत होते.

वाघोबाला मीही हात जोडते. वाघबारशीला मी कधी चुकले नाही. पण वाघ जंगलात असतो, हे त्यासाठी कोणी नाकारत नाही. दादाच्या प्राण्याला मात्र देव केला आणि विषय संपला. देव एकदा म्हटला, की तो खरंच डोहातून वर आला का, त्यानं अंग झाडलं का, हे कोणी विचारणार नाही. तुझा दादा देव बघायला गेला नव्हता. मासे धरायला गेला होता. एक जनावर पाहिलं, घरी येऊन सांगितलं, आणि मरेपर्यंत त्यात एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही. दक्षाचे मामा तुला बघायला आले होते त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "लाहू, तूही पाहिलंस का?" तू जमिनीकडे बघून म्हणालास, "मी जाळं गुंडाळत होतो." नंतर दादा मला एवढंच म्हणाला, "त्याचं लग्न मोडू नये." त्याला राग नव्हता. मलाही नाही. मी तुझ्या शाळेच्या चड्डीला ठिगळं लावली आहेत, माझा राग तुझ्यावर किती टिकणार?

तो गेला, त्याचं दुःख रोजचं आहे. चुलीसारखं, सकाळी पेटतं, संध्याकाळी राख ओढून ठेवते. त्यात तू काही करू शकत नाहीस. भिंतीचं मात्र करू शकतोस. ते दुसऱ्या कोणाच्या हातात नाही.

काल दक्षाचा फोन आला होता, तुझ्या नकळत. म्हणाली, "वयनी, ते तुमची पत्रं खिशात घालून कंपनीत जातात. डब्याच्या वेळी वाचतात." मग म्हणाली, "तुम्हाला खरं सांगते. तेव्हा ते हो म्हणाले असते तर मामांनी मला दिली नसती, असं त्यांना वाटतं. पण मी त्यांना कुर्झ्याच्या जत्रेत आधीच बघून ठेवलं होतं. मामांना कोण विचारतंय?"

हे तुला सांगू नको म्हणाली. म्हणून लिहिते आहे.

बायजी वहिनी

सायवन, ५ मार्च २०२५

लाहू,

बोर्डीला तू आत शेडमध्ये होतास तेव्हा बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. तू आणि दक्षा संध्याकाळच्या गाडीनं लगेच गेलात, ते सांगायचं राहिलं.

तुम्ही येणार हे मी फक्त हर्षदाबेनना सांगितलं होतं. तुला प्राणी दिसू नये म्हणून त्यांनी तुम्हाला वाडीच्या मागच्या रस्त्यानं शेडमध्ये नेलं, कागद-पेन्सिल दिली आणि पुढे येऊन सगळ्यांना म्हणाल्या, थोडा वेळ दर्शन बंद. त्यांनी त्याच्यावर चादर टाकली. सुकऱ्या नारळ घेऊन बसलेलाच होता. तो भडकला. "देवाला झाकतात का?"

दक्षा माझ्याजवळ येऊन बसली होती. ती म्हणाली, "काका, नवरदेवाला आधी झाकूनच आणतात."

मग तो दक्षाला विचारू लागला, तू कोणाची, आणि तुझा नवरा आत काय करतोय. ती म्हणाली, "चित्र काढतोय." सुकऱ्या म्हणाला, "या वयात?" सगळे हसले. माझं मात्र लक्ष शेडच्या दाराकडे होतं. तू शाळेत चित्रात कायम नापास. मला भीती वाटत होती की पाहिलेलं बरोबर असेल, पण काढलेलं म्हशीसारखं दिसेल.

तू कागद घेऊन आलास तेव्हा तुझ्या बोटांना शिसं लागलं होतं. चित्र म्हशीसारखंच होतं, खोटं कशाला बोलू. पण तू बाजूला लिहिलं होतंस. पाय आखूड. मान लांब. कान वाटोळे. शेपटी चपटी, वल्ह्यासारखी. हर्षदाबेन एकेक वाचत होत्या आणि फोटोवर बोट ठेवत होत्या, आणि माझ्या हाताला दक्षाचा हात कधी लागला मला कळलं नाही. शेवटी तू लिहिलं होतंस, गळ्याखाली पांढरं, रुपयाएवढं.

सुकऱ्या म्हणाला, "पांढरं कुठे आहे? चादर काढा, मी रोज बघतो. सगळा लाल आहे."

हर्षदाबेननी पहिल्या दिवशीचा फोटो त्याच्यापुढे धरला. दादानं गळ्याखाली खळगा करून त्यात चुना भरला होता. शेंदराखाली तो झाकला गेला. ते आमच्या घरात, हर्षदाबेनना आणि तुला, एवढ्यांनाच माहीत होतं, आणि तुला कोणी सांगितलं नव्हतं, दादाच्या बोलण्यातही ते कधी आलं नव्हतं.

तेव्हा तू सगळ्यांकडे बघून म्हणालास, "मी पाहिलं होतं. दादा खरं बोलत होता." या वेळी जमिनीकडे बघितलं नाहीस.

सुकऱ्यानं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "म्हणजे नुसतं जनावर?"

"जनावर," मी म्हटलं.

"मग माझ्या बैलाचा पाय कोणी बरा केला?"

"बैलानं."

त्यानं हातातल्या नारळाकडे बघितलं. आणलेला नारळ परत न्यायचा नसतो, म्हणून त्यानं तो फोडला. खोबरं आधी तुला दिलं, हे तू पाहिलंस. जाताना तो पुन्हा हात जोडून गेला, हे तू पाहिलं नाहीस. कोणाला जोडले ते मी विचारलं नाही. प्राण्याचा शेंदूर राहू दे असं मी हर्षदाबेनना सांगितलं आहे. चित्र आणि फोटो भिंतीवर, तो पेटीवर. ज्याला जे बघायचं ते त्यानं बघावं.

मी नाचणीची भाकरी आणि सुकट बांधून नेली होती. चिकूच्या झाडाखाली मी फडकं सोडलं आणि तू सगळी खाल्लीस. दक्षाच्या वाटणीचीसुद्धा. ती म्हणाली, "घरी तर नाचणीला हात लावत नाहीत." मी तुला खाताना बघत होते.

आणि मग हात धुता धुता तू ते सांगितलंस. मी सारखी त्याचाच विचार करते. दादा खाली पाण्याजवळ होता आणि तू वर खडकावर, म्हणून फक्त तुला दिसलं की त्या प्राण्याच्या मागे एक लहान पिल्लू होतं. आईच्या शेपटीला धरून चालल्यासारखं. म्हणजे तो "तो" नव्हताच, ती होती. इतकी वर्षं आम्ही घरात तिला "तो" म्हणत आलो. दादाला वाटायचं, जगात एकटाच उरला असेल बिचारा. ताप असला की कधी कधी म्हणायचा, "एकट्यानं कसं काढत असेल." तू त्याला सांगितलं असतंस तर त्याला बरं वाटलं असतं. पण आता मला सांगितलंस, आणि मी त्याला रोज काही ना काही सांगतच असते. त्या रात्री हेही सांगितलं.

हर्षदाबेननी भिंतीवरच्या कागदाखाली दोन नावं लिहिली आहेत. चैत्या आणि लाहू, सायवन. मी त्यांना सांगितलं, तलासरी लिहू नका.

वाघबारशीला सगळे या. येताना रिकाम्या पोटी या.

बोर्डीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी अंगण सारवलं, कोंबड्या सोडल्या, दादाचा लाकूड तासायचा वाकस काढून धार लावली, आणि शिवणीचा एक लहान तुकडा घेऊन उन्हात बसले.

बायजी वहिनी